चार इंचांनी भाडं कसं वाढतं: अमेरिकेतल्या पार्ट लोडचा ‘क्लास’ समजून घेताना

अमेरिकेत ट्रकने माल पाठवणाऱ्या छोट्या कंपन्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. कोट एका रकमेचा मिळाला, माल वेळेत पोहोचला आणि मग आलेल्या बिलावर आकडा भलताच निघाला. बिलात एक जादा ओळ असते, ‘रीक्लास’. तुम्ही मालाचा जो क्लास, म्हणजे भाडं ठरवण्यासाठीचा वर्ग, लिहिला होता, तो वाहतूक कंपनीला पटलेला नाही. त्यांनी माल स्वतः मोजला, आपल्या हिशोबाने क्लास लावला, भाड्यातला फरक घेतला आणि वर तपासणीचा आकारही लावला.

हा खर्च बहुतेक वेळा टाळता येतो. पण त्यासाठी क्लास ठरतो कसा, हे एकदा मुळापासून समजून घ्यावं लागतं. १९ जुलै २०२५ पासून या पद्धतीत मोठा बदल झाला आहे. त्यामुळे ज्यांना आपल्या मालाचा क्लास वर्षानुवर्षं तोंडपाठ होता, त्यांनी तर हे आवर्जून तपासायला हवं.

क्लास लागतोच कशाला?

अख्खा ट्रक भाड्याने घेतला तर क्लासचा प्रश्न येत नाही. ट्रक तुमचा, त्यात काय आणि किती भरायचं ते तुम्ही ठरवा. प्रश्न येतो तो पार्ट लोडमध्ये, ज्याला तिकडे एलटीएल म्हणतात. एकाच ट्रेलरमध्ये पंधरा-वीस जणांचा माल असतो. कुणाची दोन पॅलेट (खोकी रचायचे लाकडी तळ), कुणाचं एकच खोकं. ट्रेलरचा खर्च या सगळ्यांत वाटायचा कसा?

नुसत्या वजनावर वाटला तर उशा पाठवणारा जवळपास फुकटात जाईल, कारण त्याच्या मालाने अर्धा ट्रेलर व्यापला तरी वजनकाटा फारसा हलत नाही. नुसत्या जागेवर वाटला तर विटा पाठवणारा सुटेल. त्याचा माल कोपऱ्यात मावतो, पण ट्रकची वजनमर्यादा तोच संपवतो. ट्रेलर एक तर जागेने भरतो, नाही तर वजनाने. या दोन्हींचा मेळ घालण्यासाठी मालाला क्लास दिला जातो.

क्लास एकूण १८ आहेत. सगळ्यात खालचा ५० आणि सगळ्यात वरचा ५००. क्रमांक जितका मोठा, तितका शंभर पौंडांमागचा दर जास्त. ७७.५ किंवा ९२.५ असे चमत्कारिक आकडे कुठून आले, असं नव्याने पाहणाऱ्याला वाटतं. पूर्वी ‘पहिल्या वर्गाचा’ दर १०० धरला जाई आणि बाकीचे क्लास म्हणजे त्या दराचे टक्के असत. क्लास ५० म्हणजे निम्मा दर, क्लास २०० म्हणजे दुप्पट. आज प्रत्येक कंपनीचं दरपत्रक वेगळं आहे आणि हे प्रमाण इतकं सरळ राहिलेलं नाही, पण आकडे तेच टिकले.

कोणत्या वस्तूला कोणता क्लास, याची यादी म्हणजे एनएमएफसी. ती व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इथली एनएमएफटीए ही संस्था प्रसिद्ध करते. क्लास ठरवताना चार गोष्टी पाहिल्या जातात. मालाची घनता किती, तो हाताळायला कितपत अवघड, बाकीच्या मालाबरोबर तो नीट रचता येतो का, आणि त्याच्याबाबत जबाबदारीचा धोका किती, म्हणजे तो फुटण्याची, चोरीला जाण्याची किंवा दुसऱ्याच्या मालाचं नुकसान करण्याची शक्यता. चारही महत्त्वाच्या आहेत, पण रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त बिलं बिघडवते ती घनता. म्हणून तिच्याकडे जरा तपशिलात पाहू.

घनतेचा हिशोब

सूत्र शाळकरी आहे. लांबी, रुंदी आणि उंची इंचांत मोजायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याला १७२८ ने भागायचं, कारण एका घनफुटात १७२८ घनइंच असतात. आलेल्या घनफुटांनी पौंडांतल्या वजनाला भागलं की एका घनफुटामागे किती पौंड ते मिळतं. हीच घनता.

जुलै २०२५ च्या बदलाने एनएमएफसीमधल्या पुष्कळ नोंदी या हिशोबावर आणल्या. आधी अनेक वस्तूंना घनता काहीही असो, एकच ठरलेला क्लास असे. त्याऐवजी आता अशा वस्तूंसाठी तेरा पायऱ्यांची पट्टी आहे. घनता १ पौंडापेक्षा कमी असेल तर क्लास ४००. १ ते २ मध्ये ३००, २ ते ४ मध्ये २५०, ४ ते ६ मध्ये १७५, ६ ते ८ मध्ये १२५, ८ ते १० मध्ये १००, १० ते १२ मध्ये ९२.५, १२ ते १५ मध्ये ८५, १५ ते २२.५ मध्ये ७०, २२.५ ते ३० मध्ये ६५, ३० ते ३५ मध्ये ६०, ३५ ते ५० मध्ये ५५ आणि ५० किंवा त्याहून जास्त असेल तर ५०. बरोबर सीमेवरचा आकडा वरच्या घनतेच्या, म्हणजे स्वस्त पायरीत जातो. शेवटच्या दोन पायऱ्या या बदलात नव्याने जोडल्या गेल्या, त्यामुळे जड आणि आटोपशीर माल पाठवणाऱ्यांचा फायदा झाला. हलका, फुगीर माल पाठवणाऱ्यांना मात्र हीच पट्टी महाग पडू शकते.

आता एक पॅलेट घेऊ. तळ ४८ बाय ४० इंच, हे अमेरिकेतलं सर्वांत प्रचलित माप. पॅलेटसकट उंची ४८ इंच, पॅलेटसकट वजन ५०० पौंड. घनफळ ५३.३ घनफूट आणि घनता ९.३८. म्हणजे क्लास १००.

आता तीच खोकी, तेवढंच वजन, पण रचणाऱ्याने ती चारही बाजूंनी पॅलेटच्या दोन-दोन इंच बाहेर येऊ दिली. लांबी ५२ झाली, रुंदी ४४. घनफळ ६३.६ घनफुटांवर गेलं आणि घनता ७.८७ वर आली. क्लास १२५. मालात काडीचाही फरक नाही. प्रत्येक बाजूला दोन बोटं जागा जास्त गेली आणि भाडं एक पायरी वर सरकलं.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. माणूस वजन करताना पॅलेट काट्यावर ठेवतो, पण मोजताना टेप फक्त खोक्यांना लावतो. वरच्या उदाहरणात पॅलेटची उंची ६ इंच धरली तर तो उंची ४२ लिहील. त्याच्या हिशोबाने घनता १०.७ आणि क्लास ९२.५. वाहतूक कंपनीचं यंत्र मात्र जमिनीपासून मोजतं आणि क्लास १०० लावतं. वजन आणि माप, दोन्ही एकाच अवस्थेतल्या मालाचं हवं, म्हणजे पॅलेट, पट्ट्या, गुंडाळलेली फिल्म, कोपऱ्याच्या पट्ट्या सगळं धरून, माल जसा ट्रकमध्ये चढणार तसा.

मोजताना टोकापासून टोकापर्यंत मोजायचं असतं. माल ४८ इंच उंच आहे आणि त्यातून एक दांडा आणखी १२ इंच वर आला आहे, तर उंची ६० लिहावी लागते. मग आपल्या पॅलेटची घनता ७.५ होते आणि क्लास १२५. दांडा काढून आडवा ठेवता आला तर तो फरक वाचतो. गोल वस्तूंचंही तसंच. २४ इंच व्यासाचं आणि ३६ इंच उंचीचं पिंप भूमितीने साधारण ९.४ घनफुटांचं भरतं, पण हिशोबात ते चौकोनी धरलं जातं, २४ गुणिले २४ गुणिले ३६, म्हणजे पूर्ण १२ घनफूट. पिंपाचं वजन १३० पौंड असेल तर खऱ्या घनफळाने क्लास ८५ येईल आणि नियमाने ९२.५. हे अन्यायाचं वाटतं, पण पिंपाच्या भोवतीचे चार कोपरे दुसऱ्या कुणालाही वापरता येत नाहीत, त्यामुळे नियम पटण्यासारखा आहे.

यावरून एक गोष्ट माझ्या मते स्पष्ट होते. भाडं कमी करण्याची सगळ्यात मोठी संधी दर मागताना घासाघीस करण्यात नाही, ती पॅकिंगच्या टेबलावर आहे. २० इंचांच्या घनाकार वस्तूला प्रत्येक बाजूने ३ इंच जागा सोडून खोकं केलं की खोकं २६ इंचांचं होतं. तीन इंच ऐकायला किरकोळ, पण घनफळ ८,००० घनइंचांवरून १७,५७६ वर जातं, दुपटीहून जास्त. नाजूक वस्तूला तेवढी गादी लागत असेल तर ती द्यायलाच हवी. पॅकिंग निकृष्ट निघालं तर नुकसानभरपाईचा दावा फेटाळला जाऊ शकतो. पण हाताशी तेवढंच खोकं होतं म्हणून ते वापरणं, हे प्रत्येक खेपेला पैसे टाकून देण्यासारखं आहे.

जोडलेला माल, सुटा माल

फर्निचर, शेल्फ, स्टँड, सांगाडे पाठवणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात मोलाचा. एनएमएफसीच्या नियमांत ‘जोडलेला’ आणि ‘सुटा केलेला’ यांत फरक आहे. माल सुटा करून, घडी घालून किंवा एकात एक सरकवून त्याचं आकारमान जोडलेल्या अवस्थेच्या तुलनेत किमान एक तृतीयांशाने कमी झालं, तरच तो ‘केडी’ (नॉक्ड डाउन, म्हणजे सुटा केलेला) धरला जातो. दोन तृतीयांशाने कमी झालं तर ‘केडी फ्लॅट’. नुसते पाय काढले आणि खोकं तेवढंच राहिलं, तर कागदावर केडी लिहून काही उपयोग नाही.

एक टेबल घ्या. जोडलेलं असताना खोकं ४८ बाय ३० बाय ३० इंच, वजन ६० पौंड. घनफळ २५ घनफूट, घनता २.४, पट्टीवर क्लास २५०. आता पाय काढून फळीला चिकटवून सपाट खोकं केलं, ५० बाय ३२ बाय ६ इंच. घनफळ साडेपाच घनफुटांच्या आसपास, घनता १०.८, क्लास ९२.५. वस्तूची रचना ठरवणाऱ्या माणसाला हे गणित पहिल्या दिवशी माहीत असेल तर तो चार स्क्रू जास्त देईल आणि टेबल सुटं होईल अशी सोय करेल.

बिल ऑफ लेडिंगवर काय लिहावं

बिल ऑफ लेडिंग म्हणजे मालासोबत जाणारा वाहतुकीचा कागद. त्यावर मालाचं नाव नेमकं हवं. ‘मशीन पार्ट्स’, ‘जनरल मर्चंडाइज’, ‘घरगुती सामान’ असे शब्द लिहिले की तपासणाऱ्याला आपला अर्थ लावायची मोकळीक मिळते, आणि तो अर्थ बहुधा महागाकडे झुकतो. वस्तू काय आहे, कशाची बनलेली आहे, जोडलेली की सुटी, खोक्यात की क्रेटमध्ये, किती नग, प्रत्येक पॅलेटची तिन्ही मापं आणि वजन, एनएमएफसीचा नोंद क्रमांक आणि त्याखालचा उपक्रमांक, हे सगळं कागदावर असायला हवं. घनतेवर चालणाऱ्या नोंदींत हा उपक्रमांकच पट्टीवरची पायरी सांगतो. नोंद क्रमांक बरोबर पण उपक्रमांक भलता, असं सर्रास घडतं, कारण मागच्या खेपेचा कागद तसाच छापला जातो आणि या खेपेला पॅलेट मात्र वेगळ्या उंचीचं असतं.

नोंद शोधताना ‘साधारण जुळणारी’ घेऊ नका. प्लॅस्टिकची वस्तू आणि तीच वस्तू लोखंडाची, यांच्या नोंदी वेगळ्या असू शकतात. वस्तू कशासाठी वापरली जाते यावरूनही नोंद बदलते. तेरा पायऱ्यांच्या पट्टीत ७७.५, ११०, १५०, २०० आणि ५०० हे क्लास येतच नाहीत. तुमच्या मालाला यांपैकी एखादा क्लास लागू असेल तर त्याची स्वतंत्र नोंद आहे असं समजा आणि ती वाचून खात्री करा. लांब, बेढब, सहज पेटणाऱ्या किंवा फार मौल्यवान वस्तूंना घनता चांगली असूनही वरचा क्लास मिळू शकतो.

एकाच खोक्यात दोन वेगवेगळ्या क्लासच्या वस्तू भरल्या तर सामान्यतः अख्ख्या खोक्याला त्यातला वरचा क्लास लागतो. जड सुट्या भागांच्या खोक्यात रिकाम्या जागी हलके फोमचे तुकडे विक्रीचा माल म्हणून टाकले, की जड भागही फोमच्या दराने जातात. वेगळी खोकी करा आणि कागदावर वेगळ्या ओळी लिहा.

धोकादायक मालाचे जे १ ते ९ क्लास असतात, त्यांचा या क्लासशी संबंध नाही. लिथियम बॅटरी तिथे क्लास ९ मध्ये येते, पण तिचा भाड्याचा क्लास वेगळाच ठरतो. कागदावर दोन्ही लिहावे लागतात. धोकादायक माल लपवणं हा भाड्याच्या फरकाचा मामला उरत नाही. तो कायद्याचा भंग आहे, आणि त्यात गोदामात, ट्रकवर काम करणाऱ्या माणसांच्या जिवाला धोका असतो.

जी चूक कुणीच सांगत नाही

रीक्लासचं बिल आलं की सगळे जागे होतात. पण चूक उलट्या दिशेने झाली तर काय? तुमचा माल क्लास ८५ चा आहे आणि तुम्ही १२५ लिहिता. वाहतूक कंपनी तो आनंदाने उचलते आणि बिल १२५ चं पाठवते. तपासणीत माल जास्त दराचा निघाला तर दुरुस्ती होते. कमी दराचा निघाला तर ‘तुम्ही जास्त भरलं’ असा फोन येईल, या भरवशावर राहू नका. रीक्लास नको म्हणून सरसकट एक पायरी वरचा क्लास लिहिणारी माणसं आहेत. सावधगिरी म्हणून ते करतात, पण दर खेपेला नको ते पैसे जातात, आणि कुठल्याही बिलावर त्याची वेगळी ओळ नसते.

म्हणून मला वाटतं, नेहमी जाणाऱ्या प्रत्येक मालाची एकदा बसून यादी करावी. पॅक केलेल्या अवस्थेतलं माप, वजन, घनता, नोंद क्रमांक, क्लास आणि मोजल्याची तारीख. घनता पायरीच्या सीमेजवळ असेल, समजा ७.९ किंवा १०.२, तर त्या मालापुढे खूण करावी. अशा मालातच चार इंच कमी करून खालचा क्लास मिळवता येतो, आणि थोडं सैल पॅकिंग झालं तर वरचाही लागतो. सीमेपासून लांब असलेल्या मालावर फार वेळ घालवू नये. एनएमएफसीत अधूनमधून दुरुस्त्या होत असतात, तेव्हा नोंद क्रमांक पुन्हा ताडून पाहावेत.

ज्यांचा वाहतूक कंपनीशी ‘एफएके’ करार आहे, म्हणजे अमुक ते तमुक क्लासमधला सगळा माल एकाच ठरलेल्या क्लासच्या दराने जाईल असा, त्यांनी २०२५ च्या बदलानंतर तो करार काढून वाचावा. जो माल करार झाला तेव्हा त्या मर्यादेत बसत होता, तो नव्या पट्टीने मर्यादेबाहेर गेला असू शकतो. किंवा उलट, मालाचा खरा क्लासच आता ठरलेल्या क्लासपेक्षा खाली आला असेल, आणि करारामुळे तोटा होत असेल.

रीक्लास आलाच तर

वाहतूक कंपनीच्या टर्मिनलमध्ये फोर्कलिफ्टवर वजनकाटे आणि वर लेझरने किंवा कॅमेऱ्याने मापं घेणारी यंत्रं बसवलेली असतात. यंत्र सैल फिल्मचं टोकही धरू शकतं, वाटेत सरकलेला माल मूळ मापापेक्षा रुंद भरू शकतो. त्यामुळे त्यांचा आकडा अंतिम सत्य मानायची गरज नाही. तपासणीचा दाखला आणि फोटो मागा. त्यावर वजन, तिन्ही मापं आणि लावलेली नोंद असायला हवी. आपल्याकडे माल निघतानाचे फोटो हवेत, टेप लावलेला, आकडा वाचता येईल असा, दोन बाजूंनी, आणि काट्यावरचं वजन दिसणारा. सोबत वस्तूची तांत्रिक माहिती देणारा कागद जोडला की नोंदीबद्दलचा वाद लवकर मिटतो. हे फोटो काढायला दोन मिनिटं लागतात, आणि वादात त्यांच्यापेक्षा मोठा आधार दुसरा नसतो.

मुदतीचं भान ठेवा. अमेरिकेच्या कायद्यानुसार मूळ बिल मिळाल्यापासून १८० दिवसांत वाहतूक कंपनीने जादा आकाराचं बिल काढायला हवं, नाही तर तो वसूल करण्याचा हक्क जातो. ग्राहकालाही बिल मिळाल्यापासून १८० दिवसांतच त्यावर हरकत घेता येते. तुमचा स्वतंत्र करार असेल तर मात्र त्यात वेगळी, बहुधा कमी मुदत लिहिलेली असू शकते. दलालामार्फत माल पाठवत असाल तर रीक्लासची सूचना आधी त्याच्याकडे जाते आणि तुमच्यापर्यंत येईतो दिवस उलटतात. अशी सूचना तपासणीच्या दाखल्यासकट त्याच दिवशी पुढे पाठवावी, ही अट दलालाशी बोलणी होतानाच लेखी घालून घ्या.